मधल्या इंग्रजीला वळसा : सहा आशियाई चित्रपट, सहा रविवार

मंगळवार, ३ जून २०२५

करार झाला. एका मराठी वाहिनीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमधले सहा रविवार, सहा आशियाई चित्रपट, मूळ आवाज तसाच ठेवून खाली मराठी सबटायटल. यादी ठरवण्यात माझा वाटा होता, सबटायटलं सगळी माझ्याकडे.

यादी अशी: श्रीलंकेचा ‘पुरहंद कलुवर’ (प्रसन्न विथानगे, १९९७), कोरियाचा ‘द वे होम’ (ली जोंग-ह्यांग, २००२), जपानचा ‘स्टिल वॉकिंग’ (हिरोकाझू कोरे-एदा, २००८), इराणचा ‘अ सेपरेशन’ (असगर फरहादी, २०११), आपला ‘कोर्ट’ (चैतन्य ताम्हाणे, २०१४) आणि तैवानचा ‘यी यी’ (एडवर्ड यांग, २०००).

‘आशियाई मालिकेत मराठी चित्रपट कशाला?’ असं बैठकीत एकाने विचारलं. आशिया म्हणजे आपलं गाव सोडून उरलेला प्रदेश, असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे. अरुणा वासुदेव यांनी १९८८मध्ये दिल्लीतून ‘सिनेमाया’ हे आशियाई चित्रपटांचं त्रैमासिक काढलं आणि १९९०मध्ये त्याच चित्रपटांच्या प्रसारासाठी नेटपॅक ही संस्था उभी केली, तेव्हा त्यांच्या नकाशात भारत पाहणाऱ्यांत होता आणि दाखवणाऱ्यांतही. मला तोच नकाशा हवाय. ‘कोर्ट’ यादीत राहिला.

मी हे काम का धरलं, तेही लिहून ठेवते. लहानपणी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे. बंगाली, मल्याळम, आसामी. खाली इंग्रजी अक्षरं. आई जेवणं उरकून समोर बसायची आणि दर दोन मिनिटांनी मला विचारायची, ‘काय म्हणाली गं ती?’ मी सातवी-आठवीतल्या इंग्रजीत जेवढं कळेल तेवढं सांगायचे. म्हणजे आई चित्रपट पाहायची तो माझ्या तोंडून. आता मुंबईत थर्ड आय महोत्सव आहे, पुण्यात पिफ आहे, पण तिथेही खाली इंग्रजीच. लातूरला किंवा कणकवलीत घरी बसलेल्या बाईला कोरियन आजी मराठीत वाचता येईल, अशी सोय आजवर मी तरी पाहिलेली नाही.

शुक्रवार, १३ जून

डबिंगचा विषय पुन्हा निघाला. वाहिनीच्या लोकांचं म्हणणं सरळ आहे: आपला प्रेक्षक भाजी निवडता निवडता टीव्ही ऐकतो, वाचत बसणार नाही. हे खोटं नाही. पण ‘द वे होम’मधली आजी मुकी आहे. ‘यी यी’मध्ये मँडरिन, तैवानी होक्कियेन, जपानी आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत, आणि कोण कुठल्या भाषेत बोलतंय यावर अर्धा प्रसंग उभा असतो. सगळ्यांना मुंबईच्या स्टुडिओतला एकच मराठी आवाज दिला, तर उरणार काय?

तासभर चर्चा झाली. शेवटी वाहिनीचे संपादकदादा म्हणाले, ‘सबटायटलच करू, पण मोठ्या अक्षरात.’ हे मला मनापासून मान्य आहे. मोठ्या अक्षरात म्हणजे ओळीत शब्द कमी, म्हणजे माझं काम दुप्पट. होऊ दे.

मंगळवार, २४ जून

प्रमाणपत्रांचा दिवस. टीव्हीवर ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट चालत नाही. ‘यू’ किंवा ‘यूए’च हवा, परदेशी असला तरी. वाहिनीकडे कागद लागले. मी फक्त संवादांची मराठी प्रत द्यायची आहे.

शनिवार, ५ जुलै

‘द वे होम’. संवाद इतके थोडे, की दोन दिवसांत संपेल असं वाटलं होतं. आठवा दिवस चालू आहे.

मला मिळतं ते इंग्रजी: डायलॉग लिस्ट, म्हणजे संवादांची यादी, आणि कुठला संवाद कुठल्या क्षणी येतो ते सांगणारे टाइमकोड. त्यावरून मराठी करायचं, अशी धंद्याची रीत. कोरियनमधून इंग्रजी, इंग्रजीतून मराठी. पहिल्या दिवशी मी तसंच केलं आणि संध्याकाळी कोरियन शिकवणाऱ्या ताईंना सहज म्हणून आवाज ऐकवला. त्या पाच मिनिटांनी म्हणाल्या, ‘हा मुलगा आजीशी फार उद्धट बोलतोय, ते तुझ्या मराठीत कुठे आहे?’

नव्हतंच. कोरियनमध्ये मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूपच बदलतं; सोलहून आलेला सात वर्षांचा सांग-वू ते बदलत नाही. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे तिथे हे पुसलं गेलं. मला वाटलं, आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, प्रश्न मिटला. तो मिटला नाही. मराठी घरात नातू आजोबांना ‘तुम्ही’ म्हणेल, पण आजीला ‘तू’च म्हणतो, आणि ते लाडाचं ‘तू’ असतं. म्हणजे सांग-वूच्या तोंडी ‘तू’ घातलं तर तो एकदम गोड नातू होऊन बसतो. ‘तुम्ही’ घातलं तर परका. उद्धटपणा दुसरीकडून आणावा लागला. पहिली चाळीस मिनिटं त्याच्या वाक्यांतून ‘आजी’ हा शब्दच काढून टाकला. फक्त ‘ए’. ‘ए, हे नको मला.’ पुढे ज्या क्षणी तो पहिल्यांदा ‘आजी’ म्हणेल, तो मराठी प्रेक्षकाच्या कानाला नाही, डोळ्याला लागला पाहिजे.

आणखी एक. ही आईची आई. कोरियनमध्ये तिला वेगळा शब्द आहे, आईच्या माहेरच्या घरालाही वेगळा शब्द आहे. इंग्रजीत ‘ग्रँडमाज हाऊस’. मराठीत? आजोळ! इतका नेमका शब्द हाताशी असताना मी दोन दिवस ‘आजीचं घर’ लिहीत होते, कारण समोर इंग्रजी उघडं होतं. त्या दिवसापासून नियम केला: आधी आवाज ऐकायचा, भाषा जाणणाऱ्या माणसाला विचारायचं, इंग्रजी यादी सगळ्यात शेवटी उघडायची.

चित्रपटाच्या शेवटाकडे मुलगा निरक्षर आजीसाठी पत्रं तयार करून ठेवतो, म्हणजे तिला फक्त पाठवायची राहतील. एकावर लिहिलेलं असतं ‘बोगो शिप्ता’. इंग्रजीत ‘आय मिस यू’, त्यावरून मी ‘तुझी आठवण येते’ लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, शब्दशः ‘बघावंसं वाटतं’. आठवण येणं वेगळं, बघावंसं वाटणं वेगळं. माझी आजी पत्रात हेच लिहायची: ‘तुला बघावंसं वाटतं.’ आता तेच आहे.

छातीवर मुठीने गोल चोळण्याची आजीची खूण म्हणजे ‘माफ कर’. यादीत त्या जागी कंसात अर्थ लिहायची सूचना होती. मी काही लिहिणार नाही. प्रेक्षकाला तो मुलाबरोबरच कळू दे.

आजीचं काम केलेल्या किम उल-बून या गावातल्या साध्या बाई होत्या, आधी कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या न राहिलेल्या. पाठीचा तो वाक अभिनयाचा नाही.

बुधवार, १६ जुलै

‘स्टिल वॉकिंग’. पुण्यात जपानी जाणणारी माणसं शोधावी लागत नाहीत, ती गल्लोगल्ली आहेत. तीस वर्षं जपानी शिकवणाऱ्या एका काकूंबरोबर बसतेय.

मोठा मुलगा जुनपेई एका मुलाला बुडताना वाचवायला गेला आणि स्वतः गेला. त्याच्या स्मृतिदिनाला धाकटा मुलगा आणि मुलगी आपापल्या कुटुंबासह आईबापांकडे जमतात. सुरुवातीलाच आई आणि लेक स्वयंपाकघरात मुळा-गाजर सोलत बसल्या आहेत. त्यांचं बोलणं कोणाला उद्देशून नाही, हातांच्या लयीत चाललंय. तिथे पूर्ण वाक्यं लिहिली की मेलंच ते. ‘मीठ?’ ‘घातलं.’ एवढंच.

मक्याच्या दाण्यांचा तेंपुरा. सगळ्या चित्रपटात याचा वास आहे. मी ‘मक्याची भजी’ लिहिलं. काकूंना पटेना, तेंपुरा म्हणजे तेंपुरा, आता पुण्यात सगळ्यांना कळतो. मी म्हटलं, पुण्यात कळतो. आणि कळण्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की कढईत दाणे तडतडून उडतात तेव्हा घरातली माणसं उठून स्वयंपाकघरात येतात. ते भज्यांनाच होतं. भजी राहिली.

काकूंनी मग माझ्यावर उपकार केले. जपानी माणूस घरातून निघताना ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. इंग्रजीत कुठे ‘बाय’, कुठे ‘आय अ‍ॅम ऑफ’. काकू म्हणाल्या, ‘फोडून बघ. इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येतो.’ जाऊन येतो! आणि घरातला माणूस उत्तर देतो ते ‘जाऊन ये’. आपल्याकडे दारातून निघताना ‘जातो’ म्हटलं की आई ओरडते, ‘येतो म्हण.’ हजारो मैलांवर तीच धास्ती, तोच उंबरठा, आणि दोन्हींच्या मध्ये उभं असलेलं इंग्रजी ‘बाय’ म्हणून मोकळं होतं. ज्या घरातला एक मुलगा जाऊन परत आलेला नाही, त्या घरात हा शब्द किती जड असेल.

याच घरात धाकट्याची बायको आधी विधवा होती, आधीच्या लग्नाचा मुलगा घेऊन आलेली. तो मुलगा नव्या वडिलांना लाडाच्या नावाने ‘रियो-चान’ म्हणतो. ‘बाबा’ नाही, ‘काका’ही नाही. ‘काका’ लिहिलं असतं तर त्यांच्यात एक कायमची भिंत उभी राहिली असती. इथे तर ती हळूहळू विरघळतेय. ‘रियो-चान’ तसंच ठेवलं. जिथे मराठीकडे शब्द नाही तिथे ओढूनताणून आणायचा नाही.

सगळ्यात अवघड जागा अजून बाकी आहे. जुनपेईने वाचवलेल्या त्या मुलाला ही आई दर वर्षी बोलावते. का, ते ती रात्री विणकाम करता करता सांगते: त्यालाही वर्षातून एकदा त्रास होऊ दे म्हणून. किकी किरिन यांनी ते इतक्या साध्या सुरात म्हटलंय, की पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. मराठीत जरा जरी धार आली तरी ती खलनायिका होईल. सात मसुदे झाले.

सोमवार, २८ जुलै

‘अ सेपरेशन’. आजवर केलेल्या कामांत मला सगळ्यात जास्त आनंद देणारे दहा दिवस.

मूळ नाव ‘जुदाई-ए नादेर अझ सिमीन’. सिमीनपासून नादेरची ताटातूट. जुदाई कळायला आपल्याला सबटायटल लागत नाही. सोबतीला पुण्यात शिकणारा एक इराणी विद्यार्थी आहे. त्याला मराठी येत नाही, मला फारसी येत नाही, पण पहिल्याच बैठकीत आम्ही दोघं शब्दांची देवाणघेवाण करायला लागलो. वकील, कागद, हजर, माफी, दरवाजा, शाई. तो थक्क झाला. चित्रपट कोर्टकचेरीचा आहे आणि आपली कोर्टाची मराठी शिवकाळाच्याही आधीपासून फारसीवर पोसलेली आहे. त्यामुळे जिथे जमेल तिथे मी तोच शब्द ठेवतेय, म्हणजे प्रेक्षकाच्या कानावर आणि डोळ्यावर एकाच वेळी एकच शब्द पडेल.

पण इथेच खड्डाही आहे. कामवाली रझिये घरातल्या विस्मरण झालेल्या म्हाताऱ्याचे कपडे बदलावेत का, हे फोनवरून धर्माच्या जाणकाराला विचारते. परपुरुष आहे, हे ‘गुनाह’ ठरेल का? कानाला ‘गुन्हा’ ऐकू येतं. मराठीत गुन्हा पोलिसांकडे नोंदवतात. तिला म्हणायचंय पाप. ‘पाप लागेल का?’ असं लिहिलं. तरी मन अडकून राहिलं, कारण पाप आणि गुन्हा यांच्या मधल्या अरुंद जागेतच हा चित्रपट घडतो, आणि फारसीतल्या त्या एका शब्दाचे दोन तुकडे होऊन एक आपल्याकडे येताना वेगळ्याच खात्यात जमा झाला. शेवटी कुराणावर हात ठेवायची वेळ येते तेव्हा रझियेला पोलीस आठवत नाहीत. तिथेही ‘पाप’च.

आता ती जागा. नादेर मुलीचा, तेर्मेचा, अभ्यास घेतोय. तो शब्द देतो, तिने फारसी प्रतिशब्द सांगायचा. एका शब्दाला ती जे उत्तर देते त्यावर तो म्हणतो, हा तर अरबी. बाईंनी हाच सांगितलाय, मार्क कापतील, असं ती म्हणते. कापू देत, चूक ती चूक. इंग्रजी यादीत हे सगळं ‘गॅरंटी’ या एका शब्दाभोवती उगाच फिरल्यासारखं दिसत होतं, काही कळेना. त्या इराणी विद्यार्थ्याने मूळ शब्द ऐकवला: ‘झमानत’. ज्या अरबी धातूतून आपला ‘जामीन’ आला, तोच.

म्हणजे मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग समजावून सांगायची गरजच नाही! शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच. सावरकरांच्या भाषाशुद्धीवर घराघरांत वाद झाले. आपल्याकडच्या कितीतरी बापांनी मुलांना ‘तारीख नाही, दिनांक’ म्हणून दटावलं असेल. लिहिलं:

‘जामीन.’
‘तो अरबी शब्द. प्रतिभू म्हण.’
‘बाई मार्क कापतील.’
‘कापू देत.’

इंग्रजीतून आणलं असतं तर चार ओळी वाया गेल्या असत्या. आता त्यात तो बाप आहे: तत्त्वाचा पक्का, आणि त्या तत्त्वाची किंमत मुलीला मोजायला लावणारा. पुढचा सगळा चित्रपट हेच सांगतो. मला वाटतं फरहादींनी हा प्रसंग तिथे ठेवलाय तो याचसाठी.

शनिवार, ९ ऑगस्ट

अक्षरांचं दुखणं. वाहिनीच्या यंत्रणेत पहिली चाचणी झाली आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ्य मोडला. ‘दुसर्या’ दिसतंय. हिंदीसाठी तयार केलेला फाँट. हिंदीला हा अर्धा र लागतच नाही, तो आपला खास. तांत्रिक विभागातल्या मुलाने विचारलं, एवढ्याने काय फरक पडतो? त्याला कागदावर दोन ओळी लिहून दिल्या: ‘आचाऱ्याला बोलवा’ आणि ‘आचार्याला बोलवा’. पहिल्यात स्वयंपाकी येईल, दुसऱ्यात गुरुजी. तो हसला आणि त्याच दुपारी फाँट बदलायला बसला. गुणी मुलगा.

ॲ आणि ऑपैकी ॲच्या जागी चौकोन येत होता. तोही गेला. ल आणि श मराठी वळणाचे मिळाले.

दुसरी अडचण मोजणीची. ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा इंग्रजीवरून आलेली, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलंत वेगळा मोजतं. ‘स्त्री’ हा डोळ्याला एक घास, पण यंत्राला सहा अक्षरं. लाल रंगात ‘ओळ लांब’ असं ओरडत राहतं. मी ते बंद केलं आणि दोन ओळी मोठ्याने वाचून वेळ लावायला लागले. श्वास पुरला तर ओळ बरोबर.

मंगळवार, १९ ऑगस्ट

बाहेर दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. ‘यी यी’वर आहे.

तैपेईतलं एक कुटुंब, लग्नापासून अंत्यविधीपर्यंत. इंग्रजी यादीत सगळे ‘अंकल’ आणि ‘आंटी’. पहिल्या लग्नात नवरदेव कोण? ‘अंकल ए-दी’. चिनी जाणणाऱ्या सरांनी सांगितलं, मुलं त्याला ‘जिउजिउ’ म्हणतात, आईचा भाऊ. मामा! एका शब्दात लग्नातली अर्धी धांदल स्पष्ट झाली: हे आईच्या माहेरचं कार्य आहे, वडील एनजे तिथे जावई म्हणून उभे आहेत, म्हणून ते असे जरा कडेकडेने वावरतात. चिनीत काका, मामा, आत्या, मावशी सगळे वेगळे, शिवाय मोठा काका वेगळा, धाकटा वेगळा. यातला बराचसा संसार मराठीत जसाच्या तसा मावतो.

एका ठिकाणी मात्र आपण हरतो. मुलं आजीला ‘पोपो’ म्हणतात, म्हणजे आईची आई. आजोळ आहे आपल्याकडे, पण त्या आजोळच्या आजीला वेगळा शब्द नाही. ‘आजी’वर भागवलं.

एनजे आणि जपानी पाहुणे ओता एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. दोघांचीही ती भाषा नाही. अडखळत, सोप्या शब्दांत बोलतात आणि म्हणूनच खरं बोलतात. एनजे घरात जे कोणाशी बोलला नाही ते इथे बोलतो. मी वळसा घालत आलेलं इंग्रजी इथे पडद्यावरच आहे आणि ते सुंदर आहे. मराठीत या संवादांना एकही जोडाक्षराचा अवघड शब्द वापरायचा नाही असं ठरवलंय. रोजची सकाळ पहिल्यांदाच उगवते, तरी आपण उठायला घाबरत नाही, अशा अर्थाचं ओता बोलतात तेव्हा सहावीतल्या मुलालाही कळेल अशी ओळ हवी.

आठ वर्षांचा यांग-यांग माणसांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढतो, कारण ती त्यांना स्वतःला दिसत नाही. यावर मी काही लिहिणार नाही, नाहीतर पान भरेल.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती आणि आज हे. ‘स्टिल वॉकिंग’ची पूर्ण चाचणी पाहताना पहिल्या काही मिनिटांतच सबटायटल मागे पडायला लागली. माणूस बोलून गप्प झाला की त्याचं वाक्य येतंय. तासाला दोन मिनिटांहून जास्त फरक.

कारण जुनंच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, आपलं प्रक्षेपण २५चं. वाहिनीने मास्टर, म्हणजे प्रक्षेपणाची मुख्य प्रत, २५वर वेगाने चालवून घेतला, म्हणजे तासाभराचा ऐवज ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. मला पाठवलेली प्रत मात्र २४ची होती आणि हे कोणी सांगितलं नव्हतं. सगळे टाइमकोड २४/२५ने गुणून घेतले, पण तेवढ्याने काम होत नाही. वाचायला मिळणारा वेळही चार टक्क्यांनी घटतो, आणि जिथे मी श्वासाच्या काठावर होते तिथे तो संपतो. रात्री दोनपर्यंत शब्द कापले. विणकामाच्या प्रसंगातला एक ‘तरी’ काढावा लागला. तो निघाल्यावर ओळ अधिक थंड झाली, आणि खरं सांगायचं तर तीच बरोबर आहे.

मोदकांचं सारण आईने एकटीने केलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

वेळापत्रक पक्कं. रात्री नऊ. तारखा मी पंचांग समोर ठेवून मागून घेतल्या: ७ तारखेला पौर्णिमा आणि खग्रास चंद्रग्रहण, म्हणून ‘पुरहंद कलुवर’. २१ला सर्वपित्री अमावास्या, म्हणून ‘स्टिल वॉकिंग’.

फक्त ‘यी यी’चा वाद. १७३ मिनिटांचा चित्रपट, २५च्या वेगाने १६६. तासाला १२ मिनिटं जाहिराती धरल्या तर साडेतीन तासांचा ऐवज. दोन रविवारी दोन भाग करू म्हणाले. जन्म, लग्न, आजारपण, मृत्यू एका बैठकीत पाहण्यासाठीच तो बनवलाय. मधे सात दिवस घातले तर ती मालिका होईल. मी १२ ऑक्टोबरची दुपार मागितली. दीडला सुरू, पाचला संपेल. रविवारची दुपार, जेवणं उरकून. संपादकदादा माझ्याच वयाचे. त्यांना त्या दुपारी आठवल्या असाव्यात. हो म्हणाले.

रविवार, ७ सप्टेंबर, रात्री

पहिला गेला. सव्वा तासाच्या आसपासचा चित्रपट, जाहिरातींसह साडेदहाला संपला.

सिंहलीत ‘हंद’ म्हणजे चंद्र, ‘कलु’ म्हणजे काळा. पौर्णिमेचा काळोख. पुण्यात पाली शिकायला आलेल्या एका भिक्खूंनी प्रत्येक ओळ माझ्याबरोबर ऐकली होती. सैन्यातल्या मुलाची शवपेटी मोहोरबंद होऊन घरी येते, आंधळा बाप वन्निहामी नुकसानभरपाईच्या कागदावर सही करत नाही. बस, एवढंच. २०००मध्ये श्रीलंका सरकारने त्यावर बंदी घातली होती, ती पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उठवली. जो अबेविक्रम यांचा चेहरा पाहताना मला सबटायटल नकोशी वाटली, स्वतःचीच.

गच्चीवर गेले. ढगांच्या फटीतून अर्धवट खाल्लेला चंद्र दिसला. शेजारच्या गच्चीवरच्या काकू म्हणाल्या, ‘त्या म्हाताऱ्याने सही नाही केली ते बरं केलं.’

सोमवार, १५ सप्टेंबर

‘द वे होम’नंतर साताऱ्याहून मावशीचा फोन. ती म्हणाली, पोरगा जेव्हा सुयांमध्ये दोरे ओवून ठेवतो तेव्हा तिने टीव्ही बंद केला, पाहवेना, मग पाच मिनिटांनी पुन्हा लावला. सबटायटलबद्दल एक शब्द नाही. वाचतोय हेच तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

सोमवार, २२ सप्टेंबर

काल दुपारी घरी पितरांचं पान वाढलं होतं. रात्री आई आणि मी ‘स्टिल वॉकिंग’. मुलाच्या थडग्यावर आई पाणी ओतते, उन्हाचं दगडाला बरं वाटेल म्हणून. रात्री घरात पिवळं फुलपाखरू शिरतं आणि ती म्हातारी त्याच्या मागे धावते, जुनपेई आलाय म्हणून. आई हळूच म्हणाली, ‘आपल्याकडे कावळा.’

विणकामाची ओळ आली. मी पडद्याकडे न पाहता आईकडे पाहत होते. तिने ती वाचली, मान हलवली, आणि म्हणाली, ‘बरोबर आहे तिचं.’ मग थोड्या वेळाने, ‘चूक आहे, पण बरोबर आहे.’

सोमवार, २९ सप्टेंबर

‘अ सेपरेशन’ व्यवस्थित. एका निवृत्त वकिलांचं वाहिनीला पत्र: ‘प्रतिभू’ वाचून चाळीस वर्षांनी तो शब्द भेटला. एक चूक माझी: दोन ठिकाणी ‘काझी’, एकदा ‘न्यायाधीश’. एकच हवा होता.

सोमवार, ६ ऑक्टोबर

‘कोर्ट’ला मराठी संवादांखाली काही नाही, फक्त हिंदी, गुजराती आणि इंग्रजीखाली. त्यामुळे एक गोष्ट घडली जी आधी सुचली नव्हती. कोर्टात कायद्याची इंग्रजी कलमं वाचली जातात तेव्हा शाहीर नारायण कांबळे पिंजऱ्यात नुसते उभे असतात. वीरा साथीदार यांनी ते उभं राहणंच केलंय. आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला खाली मराठी वाचायला मिळतं, म्हणजे आरोपीला मिळत नाही ते आपल्याला मिळतं. इराणी कोर्टानंतरच्या आठवड्यात हे पाहताना जास्त टोचलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

काल दुपारी दीड ते पाच. आईने भांडी तशीच ठेवली. पहिल्या तासात दोनदा विचारलं, ‘ही कोण?’ आणि दोन्ही वेळा मी सांगायच्या आत तिचं तिलाच कळलं. ‘मामी होय.’ बेशुद्ध आजीशी रोज बोलायला बसणारी मिन-मिन रडते, की मला सांगायला काही नाही, रोज तेच तेच, दोन मिनिटांत संपतं. आई उठून पाणी प्यायला गेली आणि दारात उभी राहून बाकीचं पाहिलं.

मला एकदाही विचारलं नाही, ‘काय म्हणाली गं ती?’

पुनर्प्रक्षेपण डिसेंबरमध्ये. त्याआधीच्या दुरुस्त्या आज पाठवल्या:

‘अ सेपरेशन’ : सगळीकडे ‘काझी’.
‘पुरहंद कलुवर’ : भिक्खूंनी सांगितल्याप्रमाणे ‘पुते’च्या जागी ‘बाळा’ नको, ‘पोरा’.
‘स्टिल वॉकिंग’ : सुरुवातीच्या एका जागी अजून ‘येते’ राहिलंय. ‘जाऊन येते’ करणे.